रुग्णाच्या वर्गातला रस्ता

डायलिसिस केंद्राच्या वरच्या मजल्यावर तृप्ती गुरव सकाळपासून रिकामी बसून होती. जिल्ह्याच्या डायलिसिस संकेतस्थळाची आज्ञावली तिने बावीस वर्षं लिहिली होती, तिला ठिगळंही तिनेच लावली होती. आता ती नीट मांडण्याचं काम 'उकल' करत होतं. तिने फक्त 'मंजूर'चं बटण दाबायचं.

'उकल' हे आज्ञावलीतला गुंता सोडवणारं यंत्र. अवजड भाग फोडून ते छोटे, सुटसुटीत भाग करी आणि गेल्या तीन वर्षांच्या नोंदी त्यांतून पुन्हा चालवून बघे. जुनी-नवी उत्तरं जुळली, की काम फत्ते. बोलणंही अगदी गोड, आणि तृप्तीला राग यायचा तो त्या गोडव्याचाच.

"'रुग्ण' हा वर्ग अकरा हजार ओळींचा झाला आहे," ते म्हणालं.

वर्ग म्हणजे एका प्रकारच्या गोष्टीचा साचा. त्या गोष्टीला काय ठाऊक असतं आणि काय करता येतं, ते त्यात लिहायचं. रुग्णाला नाव हवं, रक्तगट हवा, डायलिसिसचे वार हवेत. पण या कार्यालयाची रीतच न्यारी. खाली कुणाची अडचण झाली, की तो माणूस जिना चढून वर यायचा, भांडायचा, आणि तृप्ती त्याच्यादेखत 'रुग्ण' वर्गात एक अट वाढवायची. शेजारी त्या माणसाचं नाव आणि कारण लिहून ठेवायची. 'वेगळा वर्ग उद्या करू' म्हणता म्हणता बावीस वर्षं गेली. रुग्णाच्या पोटात आता एस.टी.चं वेळापत्रक होतं, सोनगिरीचा आठवडी बाजार होता आणि आंबेखिंडीचा अख्खा घाट होता. असल्या कामाला कुणी शहाणपण म्हणणार नाही. तृप्तीही म्हणत नव्हती.

"मी त्याचे चौदा वर्ग केले आहेत. गैरहजेरीचा वर्ग फक्त एकोणीस ओळींचा. सलग तीन खेपा चुकल्या, की जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या रुग्णाला."

तृप्तीने त्या ओळी वाचल्या. सुरेख होत्या, इतकं स्वच्छ तिला जन्मात जमलं नव्हतं. मग त्या तिने पुन्हा वरून खाली वाचल्या.

"घाटाची अट कुठाय?"

"काढली. तीन वर्षांत एकदाही वापरली गेली नाही. शिवाय रस्ता हा रुग्णाचा गुणधर्म नाही."

"घाटापलीकडच्या रुग्णाचा आहे," तृप्ती म्हणाली. "घाटातला नवा बोगदा सात दिवस बंद धर आणि चालवून दाखव."

"असं नोंदींत कधी घडलेलं नाही."

"तू धर तर खरं!"

पडद्यावर नावं उमटली आणि एकेक करून पुसली गेली. घाटापलीकडचे नऊच्या नऊ रुग्ण यादीबाहेर. पहिलं नाव भागोजी झोरे. जुन्या अटीत रस्ता बंद पडला, की गैरहजेरी धरली जात नसे आणि त्यांची सोय आपोआप पलीकडच्या ग्रामीण रुग्णालयातल्या एकुलत्या डायलिसिस यंत्रावर लागे. नव्या आज्ञावलीत तेही यंत्र रिकामं उभं राहणार होतं.

एवढ्यात प्रकल्पप्रमुख घोसाळकर आत आले. "मॅडम, बाकीच्या जिल्ह्यांनी सोमवारीच मंजूर केलं. आपलंच घोडं अडलंय."

"मी मंजूर करणार नाही, साहेब."

"अहो, बोगदा झालाय! घाट आता कशाला हवा?"

तृप्तीने जिन्यावरून हाक मारली. आपल्या नंबराची वाट बघत बसलेले झोरेकाका धापा टाकत वर आले. तिने त्यांना स्वतःची खुर्ची दिली. "काका, साहेबांना बोगद्याचं सांगा."

"सायेब, चार वर्सांमागं दरड आली, आठ दीस पल्याड अडकलो हुतो," काका म्हणाले. "ताईनं आमचं लिवून ठेवलं हुतं, म्हून तिकडच्या मशिनीवर घेतलं. आन् बोगदा झाला म्हंता, तर त्यो बी डोंगरातच हाय न्हवं?"

घोसाळकर कानकोंडे झाले. "उद्या मला दुसऱ्या कुणाची सही घेता येईल."

"खुशाल घ्या. पण त्या नऊ जणांना समोर बसवून सांगायचं, तुमची जागा कशी जाणार ते. आणि वर्ग फोडायला माझी ना नाही. तो फुटायलाच हवा, बावीस वर्षं मीच आळस केला. पण फोडणार मी."

तिने कळफलक पुढे ओढला. आधी एक चाचणी लिहिली: बोगदा सात दिवस बंद, झोरे यांची जागा शाबूत. चाचणी लाल झाली, म्हणजे नापास. मग 'रस्ता' नावाचा एक छोटा वर्ग केला. गैरहजेरी मांडण्याआधी त्याला विचारायचं, वाट चालू आहे का? तासाभराने चाचणी हिरवी झाली. शेजारी तिने झोरेकाकांचं नाव आणि दरडीचं साल पुन्हा लिहिलं.

"ही रचना माझ्यापेक्षा चांगली आहे," उकल म्हणालं.

तृप्तीला त्या कौतुकाचं काही वाटलं नाही. "बाकीच्या जिल्ह्यांत अशा किती अटी काढल्यास?"

"वापरात नसलेल्या सातशे चाळीस."

"त्या का लिहिल्या होत्या, कुणी विचारलं?"

"नाही. तुम्ही पहिल्याच."

"शेजारची नावं?"

"नावं म्हणजे आज्ञा नव्हेत, म्हणून तीही काढली. मंजुरी मिळाली तिथल्या जुन्या प्रतीही पुसल्या."

घोसाळकरांनी स्टूल ओढलं आणि फोन हातात घेतला. पहिल्या जिल्ह्याचा नंबर काढला, पण बोट तिथेच थांबलं.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "विचारायचं तरी कुणाबद्दल?"