मागच्या बाकावरची जागा

भुताची गोष्ट म्हणाल तर उठून जाईन, आधीच सांगते. माह्या मायची गोष्ट आहे ही.

त्या दिवशी दुपारी मी मेणबत्त्यांचा खोका घेऊन नावेनं बेटावर गेली. मोहगावकडं धरण झालं तेव्हा आमचं मिशनचं गाव बुडालं. टेकडीवरचं चर्च तेवढं वर राहिलं. आता तिथं लोक येतात, नवस बोलतात, फोटो काढतात. मी त्यायले चर्च दाखवते.

गावची एक रीत होती. चर्चमधला मागचा बाक कापूस वेचणाऱ्या बायांचा. संध्याकाळच्या प्रार्थनेले त्या वावरातून उशिरा येत अन् कापसानं भरलेली ओटी न सोडताच बसत. माही माय देवकाबाई तिथंच बसे. पाणी चढलं तेव्हा ती म्हणाली, "मी जागा सोडत नाही." सगळे निघाले, ती खाली गावातच राहिली अन् मग सापडलीच नाही. तिची कबर नाही. तिचं म्हणून हा बाकच उरला.

अन् बेटावरचा आमचा म्यानेजर योगेश म्हणते, "बाक हलव. तिथं संत्र्याच्या ज्यूसचं काउंटर लावून राहिलो."

"हात तर लावून पाहा!"

"काऊन तमाशा करून राहिली, तृप्ती?"

त्यानं नावाड्याले, अनिलभाऊले, हाक मारली. दोघांनी दोन्हीकडून बाक धरला. अनिलभाऊचं टोक उठलं. योगेशचं उठेचना. बाहेर आभाळ भरून आलं, खिडक्यांतला उजेड गेला. ओल्या कापसाचा वास सुटला. योगेशच्या हाताखालून पाणी टपकाले लागलं. पाऊस तर अजून पडलाच नव्हता.

"कोण... कोण बसलं आहे इथं?" योगेश पुटपुटला.

बाक धाडकन पडला. दोघंही दाराकडं पळाले.

"चाल तृप्ती... चाल ना वं!" अनिलभाऊ दारातून ओरडला.

भ्याली मीबी, खोटं कायले बोलू? पण सरळ जाऊन बाकावर बसली अन् मोठ्यानं म्हणलं, "मी जागा सोडत नाही!"

माह्या कानाजवळ, माह्यासोबतच, कोणीतरी तेच बोललं...

मी वळून पाहिलं नाही. म्हणलं, "माये, थोडी सरक." बाक करकरला.

आभाळ न बरसताच गेलं, तेव्हा अनिलभाऊ नाव घेऊन मले घ्याले परत आला. काउंटर आता बाहेर झाडाखाली आहे. आत लावून दाखवा म्हणावं, कोणाची छाती आहे!

एक गोष्ट मात्र अजून समजली नाही. मी बाकावरून उठली तेव्हा माह्या पदरात मूठभर कापूस होता. भर वैशाखात, वावरात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंटबी नसते तेव्हा. बोंड टोचून वेचणारीच्या बोटातून निघते, तसं रक्त लागलं होतं त्याले. ओलं होतं.