हरणतळ्याचं चांदीचं कडं

कपाटाला कुलूप होतं. काच शाबूत होती. आणि आतलं चांदीचं कडं नव्हतं.

दैवशाला कपाटासमोर उभी राहिली ती उभीच. मागून आलेल्या लीलाकाकूंनी आधी कपाटाकडं पाहिलं, मग दैवशालाच्या कमरेला खोचलेल्या किल्लीकडं, आणि मग खाली जमिनीकडं. उंबऱ्याच्या आत, ओल्या सारवणात, दोन अनवाणी पावलं उमटली होती. रुंद, खोल, शेजारी शेजारी. जणू कुणी तिथं उभं राहून देवाची आरती केली असावी.

"काकू, सकाळी होतं की हो इथं!" दैवशाला कशीबशी म्हणाली.

तिच्या आवाजानं नाही, पण काकूंच्या हाकेनं सगळं महिला मंडळ धावत आलं आणि त्या पावलांवर वीस-पंचवीस पावलं पडली. पुरावा गेला. काकूंच्या डोक्यात मात्र राहिला.

हरणतळं म्हणजे सास्तूरच्या पलीकडचं, भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं गाव. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यातून जे निघालं ते गावकऱ्यांनी एका सारवलेल्या घरात मांडून त्याचं संग्रहालय केलं आणि दैवशालाला राखणीला ठेवलं. वाकडी समई, अर्धा दरवाजा, बाहुलीचा पाळणा, कुणाचे तरी चांदीचे पैंजण. पुढं शहाबादी फरशीचं अंगण, बाजूला आमराई, मागं तळं आणि तळ्याला घाट. वैशाखात एका दिवसाची सहल काढायला याहून सोयीची जागा जिल्ह्यात नाही, असं तुळजापूरच्या महिला मंडळाचं एकमत झालं होतं. मंडळाचं एकमत ही गोष्ट त्याआधी कुणी पाहिलेली नव्हती.

लीलाकाकू तहसील कचेरीतून मुख्य कारकून म्हणून निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर लोकांची प्रतिज्ञापत्रं ऐकल्यामुळं त्यांचं एक मत झालं होतं. खरं बोलणारा माणूस अडखळतो, खोटं बोलणारा तयारीनं येतो.

"पोलीस बोलवा! आत्ता बोलवा!" घाटाकडून गर्जना आली.

ती सोमलिंगअण्णांची होती. संग्रहालयाची जागा अण्णांची, काचेचं कपाट अण्णांच्या दिवाणखान्यातून आलेलं, आणि कडं तर अण्णांच्या आजोबांचं. आजोबांनी ते जत्रेतल्या कुस्तीत जिंकलं होतं. सकाळी बायकांना गोष्ट सांगताना हरलेला पैलवान सोलापूरचा होता. पोह्यांच्या वेळी तो कोल्हापूरचा झाला. आमरसाच्या पंगतीत तो थेट पंजाबातून आला आणि येताना एक बैल खाऊन आला.

कड्यासारखीच अण्णांच्या वहाणांचीही ख्याती होती. खास करून घेतलेल्या, कर्र कर्र वाजणाऱ्या. त्या वाजल्या की तळ्यावरचे बगळे उडायचे आणि शेजारच्या गावातल्या सुना डोक्यावर पदर घ्यायच्या, असं हरणतळ्यात कुणीही शपथेवर सांगेल. सकाळी बायकांनी अण्णांना पाहिलं त्याच्या कितीतरी आधी ऐकलं होतं.

जमादार रणधीर मोटरसायकलवर आले. अंगणात उभं राहून त्यांनी विचारलं, "किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं," दैवशाला म्हणाली.

"दुसरी?"

"म्या तरी पाहिली न्हाय."

"दुपारी कुठं होतीस?"

"दार लोटून घेतलं, उंबऱ्याच्या आत सारवलं, अन् मागच्या खोलीत भाकर खायला बसले. आवो साहेब, पुढच्या सोमवारी माझ्या पोरीचं लगीन हाय. सास्तूरचं स्थळ. चोरीचा बोभाटा त्यांच्या कानावर गेला तर मांडवच उठंल माझा."

"लग्न म्हटलं की खर्च आला," जमादार म्हणाले. "आणि खर्च म्हटलं की..."

"की जमादारांनी आधी तपास करावा, हे आलं," लीलाकाकूंनी वाक्य पुरं केलं.

जमादारांनी वळून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी? मी सहलीला आलेय. आमरस जास्त झाला, म्हणून फिरतेय."

जमादारांनी मान हलवली आणि आमराईकडं वळले. तिथं कृष्णराज नावाचा पुण्याचा माणूस बसला होता. जुन्या वस्तू विकत घेऊन विकणं हा त्याचा धंदा. सकाळीच त्यानं कड्याचं काय घेणार म्हणून विचारलं होतं आणि अण्णांनी त्याला सगळ्यांदेखत झाडला होता. त्यामुळं आता बायका त्याच्याकडं अशा बघत होत्या की बिचाऱ्याला आंबा गिळेना.

"दुपारी कुठं होतात?" जमादारांनी विचारलं.

"तळ्याच्या बांधावर. इथं फोनला रेंज नव्हती."

"कुणी पाहिलं?"

"एका म्हशीनं."

"चेष्टा नको. खिसे दाखवा."

खिशात आंब्याची कोय निघाली. ती त्यानं बियाणं म्हणून ठेवली होती. बूट काढायला लावले. बुटात त्याचेच पाय होते, गोरे आणि गुळगुळीत. काकूंनी ते पाय नीट पाहून घेतले.

"बरं," जमादार मंडळाकडं वळले, "तुम्ही सगळ्या कुठं होतात?"

"इथंच पडलो होतो," मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "जेवण अंगावर आलं होतं."

"आणि अण्णा?"

"ते काय, त्या निंबाखाली बाजेवर झोपले होते की. डोक्यावरून चादर. एवढ्या उकाड्यात कसं सोसलं कोण जाणे."

"चेहरा पाहिला?"

"चेहरा कशाला पाहायचा? बाजेखाली वहाणा होत्या ना जोडून ठेवलेल्या! अगदी शांत झोपले होते बिचारे. हूं नाही की चूं नाही."

काकूंनी निंबाकडं पाहिलं. बाज फाटकाला लागून होती. फाटकापासून संग्रहालयाच्या दारापर्यंत नुसती फरशी. सकाळी त्या फरशीवर ओली पोती अंथरलेली होती, कारण फाटकातच चपला काढायच्या, असा इथला नियम. आत देव नाहीत, पण मेलेल्यांची भांडी आहेत, म्हणून.

"दैवशाला, पोती कुठं गेली?"

"दुपारी बंद करताना उचलली. हौदात भिजत घातली. न्हाय भिजवली तर उन्हानं वाळून कडक होत्यात."

"म्हणजे दुपारी फरशी उघडी होती."

"व्हय. मला काय, माझे पाय मेलेत. पण तुमच्या त्या बाई गेल्या ना मघाशी धावत, कशा नाचत गेल्या!"

काकूंनी चप्पल काढून एक बोट फरशीला टेकवलं आणि लगेच उचललं. ऊन कललं होतं, तरी ही गत. त्या आत गेल्या. दैवशाला मागोमाग.

"हे पैंजण लख्ख आहेत गं."

"लख्ख कुठले, काकू! महिन्यातून दोनदा घासते. चांदी म्हंजे नुसतं नाटक, बघता बघता काळी पडती. कडं तेवढं गुणाचं होतं. ठेवल्यापासनं फडकंसुदीक मारावं लागलं न्हाय."

काकूंनी पैंजणांवरून कड्याच्या रिकाम्या जागेकडं नजर नेली.

"आणि उद्या काय आहे म्हणालीस सकाळी? कुणी येणार आहे?"

"धाराशिवहून माणूस येणार हाय. चांदीची कसोटी घेणार, वजन करणार, विमा उतरवणार. सरपंचांनी ठरवलं. अण्णा न्हाय म्हणत होते. आजोबाची आठवण तागडीत घालता का, म्हणून लई चिडले. पण ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले."

बाहेर ऊन उतरलं होतं. बायका घाटावर जमल्या होत्या. अण्णा घाटाच्या खालच्या पायरीवर बसले होते, धोतर गुडघ्यापर्यंत, पाय पाण्यात. वहाणा शेजारी. चोरीची बोंब झाली तेव्हाही ते तिथूनच ओरडले होते. जमादार आले तेव्हाही उठले नव्हते. जमादारच त्यांच्याकडं गेले होते. गावच्या मोठ्या माणसाला उठवायची पद्धत नाही.

"सापडलं का काही, जमादार?" अण्णांनी पाण्यातूनच विचारलं. "मी सांगतो, त्या बाईला घेऊन जा. घरची झडती घ्या. माझ्या आजोबांचा जीव होता त्या कड्यात! पेशावरचा पैलवान लोळवला होता त्यांनी!"

"सकाळी सोलापूरचा होता," काकू पायरी उतरत म्हणाल्या.

बायका हसल्या. अण्णा हसले नाहीत.

"अण्णा, जरा वर चला. कपाटाचं कुलूप तुमच्या घरचं. तुम्हीच ओळखाल, कुणी काही केलंय का त्याला."

"तुम्हीच बघा. मी बसलोय."

"दुपारपासून बसलाय."

"उकडतंय, बाई. आमचं तळं, आमचे पाय."

"खरंय. पण तुमच्या वहाणांचं मला वाईट वाटतं," काकू शेजारच्या पायरीवर टेकल्या. "सकाळी एवढ्या बोलत होत्या. दुपारपासून गप्प. निंबापासून इथवर आलात, पण आवाज नाही आला. आमच्या मंडळात कान सगळ्यांना आहेत, कुणीच ऐकला नाही. हातात घेऊन आलात का?"

जमादार सरळ उभे राहिले.

"काकू, काय म्हणायचंय तुम्हाला?"

"सांगते. जो चोर आत गेला तो अनवाणी गेला. सारवणात पावलं होती, या सगळ्यांनी तुडवायच्या आधी मी पाहिली. पुरुषाची. दैवशालाची नाहीत, तिचा पाय माझ्या तळहाताएवढा. आता असल्या उन्हात, पोती उचललेली असताना, उघड्या फरशीवरून अनवाणी कोण जाईल? ज्याची वहाण वाजते तो. आणि ज्याला ती वहाण दुसरीकडं दिसायला हवी तो. बाजेखाली वहाणा, बाजेवर चादर, चादरीखाली लोड. सगळ्यांनी वहाणा पाहिल्या आणि माणूस पाहिला असं सांगितलं. मी पण सांगितलं असतं. पण अण्णा, तुमच्या पोटाचा माणूस जेवून झोपतो आणि घोरत नाही? अध्यक्षबाई म्हणाल्या, हूं नाही की चूं नाही. लोड घोरत नाही ना."

"उगाच काहीतरी!" अण्णा ओरडले. "अनवाणी तर हा पुण्याचापण जाऊ शकतो!"

"बूट काढून गेला असता तर त्याचे तळवे बघण्यासारखे झाले असते. मी पाहिले. दह्यासारखे आहेत. आणि त्याच्या बुटांना आवाजच नाही, तो कशाला काढेल? उलट आत शिरलेला माणूस उंबऱ्याशी ओल्या सारवणात दोन्ही पाय जोडून उभा राहिला. चोराला घाई असते. हा थांबला. कारण त्याच्या तळव्यांची आग आग होत होती, आणि गार जागा तेवढीच होती. जन्मभर वहाणेत राहिलेले पाय ते. तेच पाय दुपारपासून गार जागा शोधताहेत." काकूंनी पाण्याकडं बोट केलं. "जमादार, अण्णांना फक्त पाय वर काढायला सांगा. माझं चुकलं तर मी त्यांच्या वहाणा डोक्यावर घेऊन तुळजापूरला जाईन."

बायका एकेक पायरी खाली सरकल्या.

"अण्णा," जमादार हळू म्हणाले, "काढा."

अण्णांनी डावा पाय काढला. तळव्यावर भल्या मोठ्या बुंदीसारखे फोड आले होते. उजवा काढला. तो त्याहून वाईट.

"आणि आता जिथं पाय होते तिथं हात घाला," काकू म्हणाल्या. "दूर फेकलं असतं तर आवाज झाला असता, बगळे उडाले असते. म्हणून बसल्या जागी, टाचेनं, चिखलात."

जमादारांनी बाही वर करून हात घातला. चाचपलं. कडं निघालं, चिखलानं माखलेलं.

"पण आपलंच कडं चोरायचं कशाला?" अध्यक्षबाईंनी विचारलं. हे सगळ्यांच्याच मनात होतं.

"ते कडं दैवशालाला कधी घासावं लागलं नाही," काकू म्हणाल्या. "शेजारचे पैंजण महिन्यातून दोनदा काळे पडतात. उद्या कसोटीवाला येणार होता. आज आम्ही आलो, हा पुण्याचा ग्राहक आला, दैवशालाच्या कमरेला किल्ली होती. चोर म्हणून कुणीही चाललं असतं. कपाटाची दुसरी किल्ली मात्र कपाट आलं त्या घरातच राहिली होती."

जमादारांनी कडं घाटाच्या दगडावर घासलं. चकाकी उडाली. खालून पिवळं पितळ निघालं.

अण्णा ओल्या पायांनी पायरीवर बसून राहिले. मग पहिल्यांदाच बारीक आवाजात बोलले.

"आजा चितपट झाला होता. पहिल्याच डावात. घरी कसं तोंड दाखवायचं म्हणून जत्रेतनंच ते कडं विकत घेऊन आला. बापाला खरं वाटलं. बापानं मरताना मला सांगितलं, अन् म्हणला, गावाला सांगू नको. भूकंपात सगळं घर गेलं, अन् हेच तेवढं वर आलं. लोक म्हणले, देवानं राखलं. आता तुम्हीच सांगा, काय करायचं?"

"पैलवान कुठला होता?" कृष्णराजानं विचारलं. त्याला राहवलं नाही.

"शेजारच्या गावचा. कुंभार. वजनानं आज्याच्या निम्मा."

दैवशाला इतका वेळ वरच्या पायरीवर उभी होती. आता ती खाली आली. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "अण्णा, तुमच्या आज्याची अब्रू राखायला माझ्या पोरीचं लगीन मोडायला निघाला होता तुमी."

"गुन्हा नोंदवू?" जमादारांनी दैवशालाला विचारलं, काकूंना नाही.

दैवशालानं विचार केला. "नोंदवा की. पण त्याच्या आधी यांनी सास्तूरला जायचं. व्याह्याच्या दारात. चोरी कुणी केली, का केली, ते सोताच्या तोंडानं सांगायचं. कुस्तीसकट."

"जाईन," अण्णा म्हणाले. "फोड बसले की जाईन."

"उद्या," लीलाकाकू म्हणाल्या. "आणि वहाणा घालून जा. लोकांना आधीच कळू द्या, कोण येतंय ते."

दुसऱ्या दिवशी सास्तूरच्या लोकांनी तो आवाज ऐकला. नेहमीसारखा कर्र कर्र नव्हता. एक कर्र, मग लंगडी शांतता, मग दुसरा कर्र. गल्लीतली दारं उघडत गेली. अण्णा व्याह्यांच्या ओट्याशी थांबले, टोपी काढली आणि सगळं सांगितलं. पहिल्याच डावापर्यंत सांगितलं. व्याही हसून हसून ओट्यावर आडवे झाले आणि आतून पाण्याचा तांब्या मागवला.

सोमवारी मांडवात अक्षता वाटल्या जात असताना दैवशालाचा हात थांबला. लांबून आवाज येत होता. एक कर्र, मग थांबणं, मग दुसरा कर्र.

"थांबा," ती भटजींना म्हणाली. "येऊ द्या त्यांना."