एक मूल, एक फाइल

त्या दुपारी ती रेकॉर्ड रूमच्या फरशीवर फतकल मारून बसली होती, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच. आपल्या खुर्चीत असती, गळ्यात ओळखपत्र असतं, तर आलेल्या माणसानं अदबीनं नमस्कार केला असता, अर्ज ठेवला असता आणि आल्या पावली परत गेला असता. पण ओळखपत्र वर टेबलावर राहिलेलं, नाकावर धूळ, केसांत पेन्सिल खोचलेली... या अवतारात बालधोरणाची वरिष्ठ सल्लागार कुणाला दिसणार, सांगा!

"अहो ताई," दारातून आवाज आला. "दोन तास झाले. या खिडकीवरून त्या खिडकीवर नुसता चेंडू केलाय माझा. आता तुम्ही तरी माणसासारखं वागा."

तिनं मान वर केली. दारात एक उंच, उन्हानं रापलेला माणूस उभा होता. बाह्या दुमडलेल्या, बगलेत फाइल, आणि चेहरा असा की आता एक तर भांडेल नाहीतर रडेल.

"वागते," ती म्हणाली. "काय हवंय?"

"एका मुलीचा ठावठिकाणा. दोघी बहिणी माझ्या बालगृहात आल्या होत्या. मी तिथला अधीक्षक. मोठी अजून आहे. धाकटीला चौदा महिन्यांपूर्वी लहान मुलांच्या बालगृहात हलवलं, कारण ती तेव्हा पाच वर्षांची होती. पुढे ते बालगृह बंद झालं, मुलं चार दिशांना पाठवली. ती कुठल्या दिशेला गेली, कुणी सांगत नाही."

"मोठीच्या फाइलमध्ये नोंद असेल की."

"कसली नोंद! तिच्या फाइलमध्ये बहीणच नाही. एक मूल, एक फाइल! कुणा शहाण्याच्या डोक्यातून हे निघालं, देव जाणे. कागदावर दोघी एकेकट्याच जन्मल्या. ज्यानं हा नियम लिहिला ना, त्याला फक्त एक दिवस माझ्या फाटकापाशी उभं करा. दुसरं काही मागणं नाही माझं."

तिनं नजर हातातल्या फाइलीत घातली. कारण तो शहाणा त्याच्या समोर, फरशीवर बसला होता.

सात वर्षांपूर्वी तिनं तो नियम लिहिला तेव्हा ती साधी मसुदे करणारी होती. आधी भावंडांची मिळून एकच फाइल असायची, थोरल्याच्या नावानं. धाकट्याचा ताप, धाकट्याची शाळा, धाकट्याचं रडणं कुठेच उमटायचं नाही. एक बाळ तर फाइलमध्ये नोंद नाही म्हणून लसीवाचून राहिलं होतं. ते वाचून तिला तीन दिवस जेवण गेलं नव्हतं. मग तिनं लिहिलं : प्रत्येक मुलाची स्वतंत्र फाइल असावी. परिपत्रकावर सही सचिवसाहेबांची होती, पण शब्द न् शब्द तिचा. त्याच्याच जोरावर ती इथवर आली होती. आणि भावंडांना एकमेकांशी जोडणारी ओळ? ती लिहायचीच राहून गेली होती. हुशार माणसांच्या हातून चूक होते ती अशी, अगदी शहाणपणाच्या ऐन भरात.

हे सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं तिनं. पण तो म्हणाला, "ताई, शोधू या का मिळून?" आणि तिचं धैर्य कुठल्या कुठे गेलं.

फाइलींवर आईचं नाव असायचं. तेवढाच धागा. ती नावं वाचत गेली, तो कप्पे उघडत गेला. दीड तासानं धाकटी सापडली, चार तासांच्या अंतरावरच्या एका संस्थेत. त्यानं फाइल उघडली आणि फोटो उजेडात धरून पाहिला.

"केस कापलेत हिचे," एवढंच म्हणाला.

त्या दीड तासात दोन्हींवर आईचं नाव एकच असलेल्या फाइलींच्या आणखी तीन जोड्या वर आल्या होत्या. म्हणजे आणखी तीन ठिकाणी भावंडं तुटलेली. तिनं त्या तीन जोड्या फितीनं एकत्र बांधल्या.

पुढच्या बुधवारी नव्या धोरणाच्या मसुद्याची बैठक होती. बालगृहांतर्फे एक माणूस हवा होता, तिनं त्यालाच बोलावून घेतलं. तो आत आला, मधल्या खुर्चीत तिला पाहिलं आणि दारातच थबकला.

"बसा," ती म्हणाली. "आज दोन तास लागणार नाहीत."

"अहो... मी तुम्हाला त्या दिवशी..."

"ताई म्हणालात."

"ते मागे घेतलं तर चालेल?" त्यानं इतक्या गंभीरपणे विचारलं की टंकलेखिका खोकण्याचं निमित्त करून तोंड लपवू लागली. आमच्या सल्लागारबाईंचे कान मात्र लाल झाले, ते कुठे लपवणार?

तिची कामाची एक रीत होती. प्रत्येक कलम मोठ्यानं वाचायचं आणि मग आठ वर्षांच्या मुलाला सांगावं तसं सोपं करून सांगायचं. सांगता आलं नाही तर कलम परत फिरवायचं. आजवर ते आठ वर्षांचं मूल कुणी व्हायला तयार नसायचं. अधीक्षक पहिल्याच बैठकीत झाला.

"कलम अकरा. बालकाच्या सर्वोत्तम हिताचा विचार करून सक्षम अधिकारी निर्णय घेतील," तिनं वाचलं.

"म्हणजे कोण?" तो हनुवटी हातावर टेकवून म्हणाला.

"म्हणजे मोठी माणसं."

"मला विचारणार का?"

"...विचारायला हवं."

"मग लिहा ना तसं."

तिनं लिहिलं. असे तीन आठवडे गेले. बुधवारी बैठक, आणि बैठक उरकली की दोघं रेकॉर्ड रूममध्ये. तुटलेली भावंडं नेमकी किती, हे समितीपुढे ठेवायचं तर हातानं मोजल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. उंच खिडकीतून उन्हाचा एक पट्टा यायचा आणि चार वाजेपर्यंत कपाटावरून सरकत फरशीवर उतरायचा. तो शिडीवर, ती खाली. कधी फाइल देता-घेता बोटांना बोटं लागायची, मग दोघांनाही एकदम आईचं नाव नीट वाचायची घाई व्हायची.

"तुम्ही हसत नाही फारशा," तो एकदा शिडीवरून म्हणाला.

"हसण्यासारखं काय आहे इथे?"

"मी आहे की."

आणि ती हसली. अगदी मनापासून, तोंडावर हात न धरता. त्यावर तो शिडीवरच बसून राहिला, हातातली फाइल उलटी धरून.

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे. "काय गं," पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "बुधवारचे कपडे मंगळवारीच इस्त्री होतात हल्ली. या मसुद्याला उंची किती?"

"वहिनी!"

"मी काय म्हटलं? कामाचं विचारलं."

तिनं मग वहिनीला सगळं सांगितलं. नियम आपला आहे हेही. वहिनीचं लाटणं थांबलं. "आणि त्याला माहीत नाही?"

"दर बुधवारी ठरवते, आज सांगायचं. आणि दर बुधवारी तो त्या शहाण्याला नवीन शिवी शोधून आणतो." तिचे डोळे भरून आले. "वहिनी, मला तो आवडतो गं. फार आवडतो. सांगितलं की उठून जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर तू कुणाबरोबर राहशील? अर्ध्याच गोष्टी ठाऊक असलेल्या माणसाबरोबर?"

दरम्यान, धाकटीचा पत्ता लागल्यावर मोठीच्या वतीनं त्यानं केलेल्या अर्जावर उत्तर आलं. बहिणीला परत आणण्याची विनंती नामंजूर. कारण : फाइलमध्ये नातं नोंदलेलं नाही. तो कागद त्यानं तिच्या टेबलावर आणून ठेवला. आता एकच वाट उरली होती, नव्या धोरणात भावंडांचं कलम. आणि ते मंजूर होणार की नाही, हे गुरुवारच्या समितीवर होतं.

गुरुवारी सचिवसाहेब मसुद्यावरून बोट फिरवत भावंडांच्या कलमाशी थांबले. "हे कशाला? आपली फाइलची पद्धत उत्तम चाललीये. सात वर्षांत एक तक्रार नाही."

"फाइलमध्ये भाऊ-बहीणच नसेल, तर तक्रार येणार कुठून?" अधीक्षक म्हणाला.

"तुमचा एका प्रकरणाचा अनुभव, त्यासाठी सगळी व्यवस्था बदलायची? पद्धत विचार करून बनवलीये. बनवणाऱ्याला काही अक्कल असेलच ना?"

तिला ठाऊक होतं, साहेबांनी तिला वाट मोकळी करून दिली होती. मान खाली घालून बसायचं, बस्स. नाव राहील, खुर्ची राहील, तोही राहील. कलम तेवढं जाईल. आणि दोन मुली.

ती उठून उभी राहिली.

"साहेब, ती पद्धत मी बनवली. अक्कल होती, पण अपुरी पडली." आवाज फाटत होता, तरी तिनं रेटलं. "आठ वर्षांच्या मुलाला सांगायचं तर असं सांगेन : आम्ही तुझी नीट काळजी घ्यायला तुला वेगळी वही केली. आणि त्या वहीत तुझी बहीण लिहायला मी विसरले. म्हणून ती हरवली. ही एकशे बारा जोड्यांची यादी. प्रत्येक जोडी माझ्या चुकीची आहे."

त्याच्याकडे पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण पाहिलंच. तो टेबलाकडे बघत होता, चेहरा पांढराफटक.

तासभर वाद झाला. शेवटी कलम मंजूर झालं : पहिल्या पानावर भावंडांची नोंद, दोघांशी बोलल्याशिवाय ताटातूट नाही, आणि तुटलेल्या जोड्यांची तीन महिन्यांत फेरतपासणी. साहेब जाता जाता म्हणाले, "पुढच्या समितीचं काम आता दुसऱ्या कुणाकडे देऊ," आणि ती "बरं" म्हणाली. अधीक्षक तोवर निघून गेला होता.

अकरा दिवस त्याचा फोन नाही. बुधवार आला नि गेला. ती रेकॉर्ड रूममध्ये एकटीच बसून आली आणि घरी येऊन वहिनीच्या गळ्यात पडून रडली.

बाराव्या दिवशी धाकटीला परत पाठवण्याचा पहिला हुकूम निघाला. अशा हुकमाबरोबर सल्लागारानं जायचं काही कारण नसतं. ती गेली. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून, सहा तास बसमध्ये बसून, वाटेत निदान दहादा परत फिरायचं ठरवून.

बालगृहाच्या फाटकापाशीच तो उभा होता. तिला पाहून पुढे आला, मग थांबला.

"तुम्ही म्हणाला होता, शहाण्याला इथे उभं करा," ती म्हणाली. "आलेय."

"नका ना..." त्यानं डोळे मिटले. "तुमच्यावर रागावून गेलो नव्हतो मी. लाज वाटली होती."

"तुम्हाला? कसली?"

"तुम्ही लिहिलंत. गाडीत मी बसवलं." तो फाटकाच्या गजाला धरून बोलत होता. "धाकटी रडायला लागली तेव्हा तिचे हात मोठीच्या फ्रॉकवरून मी सोडवले. या हातांनी. मोठीला सांगितलं, तुझी बहीण शाळा बघायला चाललीये, संध्याकाळी येईल. ती पोर संध्याकाळी इथे येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. मग मला कुणीतरी हवा होता, शिव्या घालायला. तुम्ही सगळ्यांसमोर उभं राहून 'माझी चूक' म्हणालात, आणि मी तिथे बसून विचार करत होतो... मी अजून त्या पोरीलाही सांगितलेलं नाही."

तिला त्याचा हात धरावासा वाटला. तिनं धरला. त्यानं काढून घेतला नाही.

"आज सांगा," ती म्हणाली.

गाडी आली ती दुपारी तीनच्या सुमारास. मोठी पायरीवर बसली होती, ती उठली पण पुढे येईना. धाकटी उतरली, कापलेले केस, पायात मापाला मोठे बूट. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. पंधरा महिने म्हणजे सहा वर्षांच्या जिवाला केवढे, तुम्हीच मोजा.

"केस कुणी कापले तुझे?" मोठी रागानं म्हणाली. "कुणाला विचारून कापले?" आणि मग पळत जाऊन तिनं तिला असं काही आवळलं की धाकटी "अगं, दुखतंय!" म्हणून ओरडली.

अधीक्षक दोघींसमोर गुडघ्यांवर बसला. "मी तुला खोटं सांगितलं होतं," तो मोठीला म्हणाला. "संध्याकाळी येईल म्हणून. मला माहीत होतं ती येणार नाही. चुकलो मी."

मोठीनं त्याच्याकडे नीट बघितलं. "मला कळलं होतं काका," ती म्हणाली. "पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी फाटकाशी उभी राहायचे."

त्याला ते सोसलं नाही. तो तसाच बसून रडला, आणि मोठीनं त्याच्या खांद्यावर थोपटलं, जसं काही तीच अधीक्षक.

धाकटी मात्र सल्लागारबाईंकडे टक लावून बघत होती. प्रवासानं चुरगळलेले कपडे, हातात पिशवी, रडून लाल झालेले डोळे. बालगृहात नवीन येणारी माणसं तिनं अशीच पाहिली होती.

"तुम्हाला पण इथे ठेवलंय?" तिनं विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली.

"का?"

"मला कुणी विचारलं नाही ना."

धाकटी वळली. "काका, यांना विचारा की!"

तो उठला. बाहीनं डोळे पुसले. तिला वाटलं, आता हसण्यावारी नेईल.

"माझ्या हातून जे झालं ते तुम्हाला ठाऊक आहे," तो हळू म्हणाला. "आणि तुमच्या हातून जे झालं ते मला. त्याउप्पर मला तुम्ही हव्या आहात. दर बुधवारी नाही, रोज. राहाल?"

"हो," ती म्हणाली, आणि मोठीनं लगेच तिच्या हातातली पिशवी घेतली.