टाकीवरचा सेन्सर

“माझ्या बुडाखाली काय बिघडलंय ते एकदाचं शोधा बाई, माझे पाय आखडले,” मागच्या सीटवर अवघडून बसलेल्या सासूबाई पुटपुटल्या.

मेकॅनिक ताईंनी हात देऊन त्यांना खाली उतरवलं. गाडीतला पिवळा दिवा तिसऱ्यांदा लागला होता. सूनबाईंना दुपारी चारच्या आत दुसऱ्या गावी नोकरीवर हजर व्हायचं होतं. घरोघर फिरून पेशंट बघायचे, स्वतःची गाडी हवीच. या दिव्यापायी रुजू व्हायच्या दोन तारखा हुकल्या होत्या. ही शेवटची.

“अशी गाडी लांब नेऊ नये,” गॅरेजच्या दाराशी उभा असलेला त्यांचा नवरा म्हणाला. “पेट्रोलचा मामला आहे.”

स्कॅनरचं म्हणणं तेच होतं. टाकीतल्या वाफेचा दाब मोजणारा सेन्सर गप्प होता. ताईंनी तो दोनदा बदलला होता. दोन्ही वेळा हा नवरा शेजारी उभा राहून कौतुकाने बघत होता. दोन्ही वेळा दिवा विझला आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा लागला. आपलंच काम कच्चं, हे ताईंच्या मनाला लागलं होतं.

आज त्यांनी टाकीत धूर सोडून पाहिला. बाहेर एक रेघही आली नाही. म्हणजे गळती नव्हती.

मागची सीट उचलली, टाकीवरचं झाकण काढलं. प्लग घट्ट बसलेला. तो सोडवून आत बॅटरीचा उजेड मारला, तर सेन्सरच्या पिना नको तितक्या चमकत होत्या. नखाने खरवडल्यावर पारदर्शक पापुद्रा निघाला.

“घरात कोणी नेलपॉलिश लावतं?”

“छे! यांना चालत नाही,” सूनबाई म्हणाल्या.

“स्कॅनर सांगतोय, बिघाड झाल्यापासून गाडी सहा किलोमीटर चाललीय. तुमचं घर इथून किती?”

“तेवढंच.”

“म्हणजे दारात उभी असतानाच बिघडली. चावी कोणाकडे असते?”

“यांच्याकडे. कुठे, किती वाजता, कोणाकडे, एवढं सांगितलं की मिळते.”

“आणि हे काम काय करतात?”

“घरीच. पंख्यांच्या, पंपांच्या जळक्या मोटारी नव्या तारेने भरतात.”

ताई नवऱ्याकडे वळल्या. “तारांना लावता ते वार्निश आहे हे. त्यातून वीज जात नाही. पहिला सेन्सर आपोआप गेला असेल; पण मी तो बदलला की नव्या पिना येतात, दिवा विझतो. मग तुम्ही ब्रश फिरवता. झाकण कसं उघडायचं ते माझ्याच खांद्यावरून शिकलात. मीही शहाणी, हौसेने दाखवत होते! आणि खरं सांगू? हा दिवा लागला तरी गाडी चालते.”

नवऱ्याने हात खिशात घातले. “काळजीपोटी केलं.”

सूनबाईंनी चावीसाठी हात पुढे केला.

“संध्याकाळी घरी येणारच आहे ना मी,” सूनबाई टायरकडे बघत म्हणाल्या.

“खोटं कशाला बोलतेस गं?” सासूबाई म्हणाल्या. “तू परत येणार नाहीयेस. तुझ्या जागी मी असते, तर मीही आले नसते.”