आखाजीचं दळण

"भूतबीत काही नसतं, आबा," पुण्याहून आलेला नातू योगेंद्र म्हणाला.

"तुझ्या पुण्यात नसतील. तिथलं भाडं परवडत नाही त्यांना." जीवराम आबांनी ओट्यावर मांडी घातली. लाईट गेलेली होती. नात रूपा जवळ सरकली. "ही आपल्या नवल गिरणीवाल्याची गोष्ट. त्याच्याच तोंडून ऐकलेली."

नवलची पिठाची गिरणी बसस्टँडमागे. आपलं गाव म्हणजे आसपासच्या खेड्यांचं चाकर. खत इथे, मोटारीचं वाइंडिंग इथे, दाताचा डॉक्टरही इथेच. दिवसभर पाय ठेवायला जागा नसते, आणि शेवटची एसटी गेली की कुत्र्यालाही भुंकायला माणूस सापडत नाही. सगळ्यांची कामं करणाऱ्या या गावात राहायला मात्र कोणी तयार नाही. नवलचा पोरगाही सुरतेला.

मागच्याच्या मागच्या वर्षीची आखाजी, तुमची अक्षय्य तृतीया. आदली रात्र, गुरुवार. नवलची बायको झुंबरबाई त्याच साली गेलेली, म्हणजे आखाजीला तिच्या नावाने पहिली घागर भरून पुजायची होती. पोराने फोनवर सांगितलं, सुट्टी नाही. नवल चिडला. "पोटचा पोरगा येत नाही, तर मी एकट्याने कशाला भरू?" म्हणाला, आणि घागर आणलीच नाही.

पुरणपोळीच्या गव्हाचं दळण संपलं तेव्हा साडेअकरा झाले होते. शटर ओढायला तो वाकला. बाहेर म्हातारी उभी होती. डोक्यावर दळणाचा डबा.

"नवलभाऊ, मनं दयन राहीनं."

नदीपलीकडच्या वस्तीवरची भिकुबाई. दर बाजाराला शेवटी येणारी. दिवाळीपासून दिसली नव्हती.

"एवढ्या राते, माय? पोरं कुठे गेली?"

"आननारं कोनी नही. मंग मीच..."

आखाजीचं दळण कोणी परत पाठवत नाही. नवलने गहू ओतला, बटण दाबलं. म्हातारी कोपऱ्यात बसली, पदर तोंडावर ओढून.

"बठ्ठास्नं व्हई गयं ना, भाऊ?"

"सगळ्यांचं झालं, माय."

"मनंच राहीनं."

तेवढ्यात लाईट गेली. स्टँडवरचा दिवा गेला. सगळा बाजार काळा.

पट्टा थांबला नाही.

नवलने बटण बंद केलं. पट्टा फिरतच होता. अंधारात पीठ पडत होतं... भुरभुर... भुरभुर.

"माय?"

...

"माय, बोल ना..."

अगदी कानाशी आवाज आला. "पीठ गरम शे ना, भाऊ?"

मग पट्टा थांबला. लाईट आली. डबा काठोकाठ भरलेला. कोपरा रिकामा.

"मग?" रूपाने विचारलं.

आबांनी काठी बाजूला ठेवली.

सकाळी नवल डबा स्कूटरला बांधून वस्तीवर गेला. भिकुबाईच्या दाराला कुलूप, गंजलेलं. शेजारची मंदाबाई म्हणाली, "भिकुबाई? ती तर पौषातच गेली, भाऊ. पोरं दहाव्यालाच येऊन गेली."

"घागर कोण भरतंय तिची?"

मंदाबाईने गंजलेल्या कुलपाकडे बोट दाखवलं.

नवल उलट्या पावली फिरला. कुंभाराकडून दोन घागरी आणल्या. एक भिकुबाईच्या ओट्यावर भरून ठेवली, आंबा ठेवला, हात जोडून तिचं नाव घेतलं. पिठाचा डबाही तिथेच ठेवला. मग घरी जाऊन झुंबरबाईची घागर भरली. एकट्यानेच. पोराला फोनही केला नाही.

दिवस मावळताना डबा तसाच आहे का बघायला पुन्हा वस्तीवर गेला. मंदाबाई दारातच बसलेली. म्हणाली, इकडे कोणी फिरकलं नाही. कुलूप तसंच, गंजलेलं. डबा मात्र धुऊन पालथा घातलेला. आणि त्यावर, पळसाच्या पानावर, खापरावर भाजलेली एक पुरणपोळी.

तिच्यातून वाफ येत होती.

योगेंद्र हसला नाही. रूपाने हळूच विचारलं, "त्यांनी खाल्ली का ती, आबा?"

आबा उठले. काठी शोधत म्हणाले, "त्या दिवशी दुसरं जेवण कोण देणार होतं त्याला?"