शेजारचे काका

पुस्तकांच्या दुकानाचा जिना एका वेळी एकाच माणसापुरता होता. ती कथेचे कागद छातीशी धरून वर निघाली होती आणि तो गिटार पाठीला लावून खाली... मधोमध दोघंही अडकली.

"तुम्ही जरा मागे व्हा," ती म्हणाली.

"मी झालो असतो हो... पण ही ऐकत नाहीये."

गिटार कठड्यात रुतली होती. ती सोडवताना त्याची बाही तिच्या गालाला घासली, तिच्या हातातून कागद सुटले आणि पायऱ्यांवरून भुरभुरत खाली गेले. त्याने ते गोळा केले. शेवटचा मात्र परत दिला नाही. तिथेच पायरीवर बसून वाचला.

"ही मुलगी संध्याकाळी घरी जाऊन दिवाही लावत नाही. लावून बघणार कोण, म्हणते..." त्याने मान वर केली. "तुम्हीच ना ही?"

खरं तर तिच्या घरी आई-बाबा, आजोबा, आत्या, दोन भाऊ आणि एकच बाथरूम. शांतता हवी म्हणून ही गोष्ट तिने गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून लिहिली होती. पण तो इतक्या मायेने बघत होता, की...

"हो," ती म्हणाली.

दुकानाच्या मालकीणबाईंनीच दोघांना बोलावलं होतं. वरच्या छोट्या खोलीत त्यांना एक कार्यक्रम करायचा होता. एकट्या पडलेल्या तरुण मुलामुलींच्या छोट्या गोष्टी आणि सोबत नुसती गिटार. माईक नाही, दिवे नाहीत. कानाशी बोलल्यासारखं सगळं. गोष्टी तिच्या, गिटार त्याची. तालमी सुरू झाल्या आणि 'अहो-जाहो' चार दिवसही टिकलं नाही.

"तू जिथे थांबतेस ना लेखिकाबाई, तिथे मी येतो."

"आणि मी थांबलेच नाही तर?"

"मग मी थांबेन..."

तिने घाईघाईने पान उलटलं. कान गरम झाले होते.

तो एका खोलीत राहायचा. मागेपुढे कुणी नव्हतं. भिंती पातळ म्हणून गिटारही हळूच वाजवायचा. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, 'पोहोचलीस ना?' आणि घरातला गलका ऐकू जाऊ नये म्हणून ती फोन घेऊन बाथरूममध्ये शिरायची.

"किती शांत असतं गं तुझ्याकडे... नळ गळतोय का? येऊन दुरुस्त करू?"

"नको, नको! मला... सोबत होते त्याची."

असं बोलून गेली आणि आरशात बघवेना. बाहेर आत्या दार बडवत होती.

कार्यक्रमाच्या दुपारी खोली भरली. ती वाचायला बसणार, तोच जिन्यावरून धापा टाकत बाबा वर आले. तिचा चष्मा घरी राहिला होता. कपाळावर घाम, हातात चष्म्याची डबी.

गिटारवाला पुढे झाला. "हे कोण गं?"

तिने बाबांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. एक श्वास... बस्स, एवढाच वेळ होता.

"शेजारचे... काका."

बाबांचा हात हवेत तसाच राहिला. मग त्यांनी डबी तिच्यापुढे धरली.

"हो, हो. शेजारीच असतो आम्ही," ते हसून म्हणाले. "भिंतीला भिंत लागून. गुणी मुलगी आहे हो. एकटी असते बिचारी."

"मग काका, बसा ना! तिचं असं कुणीच येत नाही."

आणि बाबा शेवटच्या रांगेत बसले. परक्याच्या घरी बसावं तसे, गुडघे जुळवून.

तिने वाचायला सुरुवात केली. गिटार अगदी जवळून, हलकेच वाजत होती. 'माझी वाट बघणारं कुणीच नव्हतं' हे वाक्य आलं आणि तिची नजर उचलली गेली. बाबा मान डोलावत होते. कौतुकाने, पण बेताने. शेजाऱ्याला शोभेल एवढंच.

ती वाचता वाचता थांबली. गिटार थोडी पुढे गेली आणि थांबली.

"ते शेजारी नाहीत," ती म्हणाली. "माझे बाबा आहेत. मी... आत्ता, इथे, त्यांना परकं केलं."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"वाच गं पुढे," मागून बाबा म्हणाले. "मला शेवट माहीत नाही अजून."

तिने कशीबशी गोष्ट संपवली. टाळ्या झाल्या, पण तिला ऐकूही आल्या नाहीत. तो गिटार पिशवीत घालत होता, तिच्याकडे न बघता.

"रोज विचार करायचो," तो म्हणाला. "आता ही एकटी जेवत असेल..."

"भरल्या घरातली म्हटलं असतं, तर तू असं बघितलं नसतंस माझ्याकडे."

"बघितलं असतं. तू सांगून बघायचंस तरी..." त्याने पिशवीची चेन ओढली. "जा. आधी त्यांच्याकडे जा."

बाबा खाली दुकानात एक पुस्तक उलटसुलट करत उभे होते. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"शेजारी तर शेजारी," ते म्हणाले, "पण पुढे तरी बसवायचंस." हसता हसता त्यांचा आवाज फाटला आणि ते तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

तो जिना उतरून आला. तिने डोळे पुसले.

"तू मला आवडतोस," ती म्हणाली. बाबांसमोरच. "तेवढं खोटं नव्हतं."

त्याने गिटारची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आज मी रागावलोय... आज काही बोलत नाही."

"उद्या जेवायला या," बाबा म्हणाले. "राग घेऊनच या, आमच्याकडे त्यालाही जागा करू."

दुसऱ्या दिवशी तो आला. आजोबांनी त्याला दोनदा नाव विचारलं, आत्याने न विचारता ताट भरलं, भाऊ खुर्चीवरून भांडले, सगळे एकदमच बोलत होते. तो मान खाली घालून हसत होता. पण ताटापाशी हात कुठे ठेवावा हेसुद्धा त्याला उमगत नव्हतं, पाणी मागायलाही तो संकोचत होता. घरच्या गर्दीत बसायची त्याला सवयच नव्हती.

एकटं असणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा दिसलं. आणि ते आपण मिरवायला घेतलं होतं...

तिने त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि टेबलाखाली त्याचा हात धरला.

"अजून रागावलायस?" तिने हळूच विचारलं.

"थोडा," तो म्हणाला. पण हात त्याने सोडवून घेतला नाही. दुसऱ्याच हाताने जेवत राहिला.