एका फाउलवर दोन शिट्ट्या

जिनं वाढलं तिच्याकडे बघायचंच नाही, ही कुठली रीत? हा प्रफुल्ल जेवायला येतो, दोनदा रस्सा मागून घेतो, "काकू, घरची आठवण आली" म्हणतो, आणि नजर? नजर खिडकीत. खिडकीत काय, तर ह्या अमेरिकेतल्या रेडमंडचा पाऊस. हिवाळाभर नुसता भुरभुरत असतो, त्यात बघण्यासारखं काही नसतं. इकडे माझी प्रणिता भातावर तूप वाढायला उभी, आणि हा म्हणतो, "बस." तेही भिंतीला म्हणतो.

मी दुसरीत शाळा सोडली. अक्षर जोडून जोडून वाचते. नजर मात्र घडाघडा वाचते, असं मला वाटायचं. ह्या मुलानं माझं तेही वाचन बुडवलं. कारण गेल्या हिवाळ्यात ह्याच मुलाची नजर कुठे असायची, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

प्रणिता दिवसा कॉम्प्युटरच्या कंपनीत प्रोग्राममधल्या चुका शोधते. संध्याकाळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून हायस्कूलच्या पोरींच्या बास्केटबॉलमधल्या चुका शोधते. नागपूरला युनिव्हर्सिटीकडून खेळायची. हाफ पँट घालते म्हणून वस्तीतल्या बाया कुजबुजल्या, तेव्हा मी दारात उभी राहून ओरडले होते, "पाय तिचे, पँट तिची, तुमचं काहून दुखते?" त्यानंतर कुणी बोललं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या जिममध्ये मी तिच्यासोबत गेले होते. प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या फळीवर शाल पांघरून, चहाचा थर्मास घेऊन बसले होते. तिच्या जोडीचा रेफ्री तलावावरच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकला, म्हणून बदली माणूस आला, तो हाच प्रफुल्ल. दार ढकलून आत शिरला तो डोक्यापासून निथळत, बूट हातात.

"आयला, उशीर झाला..." तो स्वतःशीच पुटपुटला.

प्रणिता बुटाची लेस बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "आयला नका म्हणू. शाळा आहे ही."

तो जागच्या जागी थांबला. केसांतलं पाणी नाकावरून टपकलं. "तुम्ही... मराठी?"

"सध्या पट्टेवाली," तिनं शर्टाकडे बोट दाखवलं.

"मग मी पण पट्टेवाला." तो हसला. हसला की गालावर एकाच बाजूला खळी पडते, हे मी वरून टिपून घेतलं. "आणि वर त्या कोण? माझ्याकडे रागानं बघतायत."

"आई माझी. तिचा चेहराच तसा आहे."

"कुठला रे तू?" मी वरूनच विचारलं.

"अमरावतीचा, काकू."

"आम्ही नागपूरचे. इंदोऱ्याचे."

त्याचा चेहरा उजळला. ओल्या मोज्यांनी फळ्या चढून वर आला, वाकला, "जय भीम, काकू." मी थर्मास उघडला. आणखी काय करणार?

आता खेळाचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. हायस्कूलच्या खेळाला रेफ्री दोनच. एक बास्केटखाली, एक मागे अर्ध्या रेषेजवळ. ज्यानं फाउल पकडला त्यानं शिट्टी मारून मूठ वर करायची, की घड्याळ थांबतं. मग टेबलासमोर जाऊन सांगायचं, कोणता रंग, कोणता नंबर, काय केलं. आणि मग दोघांनी जागा बदलायची. खालचा मागे, मागचा खाली. प्रत्येक फाउलला अदलाबदल. आणि जागा बदलायची म्हणजे एकमेकांच्या बाजूनं जावं तर लागतंच ना...

पहिल्याच फाउलला बाजूनं जाताना तो हळूच काहीतरी बोलला. ही झटकन खाली वाकली, लेस घट्ट केली आणि लाल होऊन पळाली. मला वाटलं, पळून पळून लाल झाली असेल. मी तरी किती भोळी!

पुढच्या आठवड्यांत ते दोघं बऱ्याच सामन्यांना जोडीनं लागले. मी खालच्या फळीवर बसायला लागले, कारण वरून ऐकू येत नव्हतं.

"डब्यात काय आहे?" जाताना तो.

"पाटवडी." जाताना ही.

"मग लवकर संपवा हा खेळ..."

"घड्याळ माझ्या हातात नाही, साहेब."

"मूठ तर आहे!"

बोलणं असं तुकड्या-तुकड्यांत. अर्धं ह्या फाउलला, अर्धं पुढच्या. मधल्या वेळात दोघं खेळाकडे असे डोळे लावून की जणू काही बोललेच नाहीत. सीझन संपायच्या आत 'तुम्ही'चं 'तू' झालं, तेही त्या लाकडी फरशीवरच. मी प्रणिताला चिडवलं, "खेळात एवढे फाउल असतात होय? की तुम्हीच काढता?" तर फणकारली, "आई, मी खोटा फाउल कधीच देत नाही!" दिला नसेल. पण खरा फाउल झाला की तिला आनंद व्हायचा, एवढं मी सांगते.

व्हिसा संपला, मी नागपूरला गेले. धम्मचक्र दिन आटोपून परत आले, तर इथे हे. मुलगा येतो, कारण मी बोलावते. बघत नाही. पोरगी वाढते, बोलत नाही. त्याचं नाव काढलं की म्हणते, "आई, भात करपतोय." गॅस बंद असतो तेव्हासुद्धा.

एवढंच कळलं की उन्हाळ्यात दोघं कॉलेजच्या रेफ्रींच्या कॅम्पला गेले होते. कॉलेजच्या सामन्यांसाठी त्याची निवड झाली, हिची नाही. मी मनात म्हटलं, हं, कॉलेज लागलं म्हणून मान ताठ झाली पोट्ट्याची! आणि प्रणिता? ती रोज आरशासमोर उभी राहून मूठ वर करते, हात खाली घेते, पुन्हा वर करते. पुढच्या उन्हाळ्यात परत जायचं म्हणून. माझीच पोरगी ती. मी ठरवलं, ह्या रविवारी निकाल लावायचाच. पाटवडीचा रस्सा केला, त्याला बोलावलं, आणि त्याची खुर्ची मुद्दाम खिडकीकडे पाठ करून ठेवली.

तर हा काय करतो? भात कालवता कालवता म्हणतो, "काकू, मी पुढच्या आठवड्यात चँडलरला चाललो. अ‍ॅरिझोनाला. चिपच्या कंपनीत जॉब मिळतोय."

प्रणिताच्या हातातला डाव तसाच राहिला. "काँग्रॅट्स," ती म्हणाली. माझी मुलगी इंग्रजीत बोलली की समजावं, मराठीत बोलली असती तर रडली असती.

"इकडे बघ रे," मी म्हटलं. "माझ्याकडे नाही, तिच्याकडे. का बघत नाहीस? कॉलेजात काय शिकवलं तुला?"

तो कसनुसा हसला. "तेच शिकवलं, काकू. कॉलेजला रेफ्री तीन असतात. प्रत्येकाचा आपापला एरिया. बॉल दुसऱ्याच्या एरियात असला तर तिकडे बघायचं नाही."

"माझी पोरगी म्हणजे बॉल आहे का?"

"आई!"

"नाही काकू..." त्यानं ताटात बघितलं. "पण तिच्याकडे बघितलं की मला दुसरं काही दिसत नाही. म्हणून तर कॅम्पमध्ये घोळ झाला."

प्रणितानं डाव भांड्यात ठेवला. मग मला सांगू लागली, मलाच, पण ऐकवत होती त्याला. "तिघं असले की पुष्कळदा दोन शिट्ट्या एकदम वाजतात, आई. तेव्हा दोघांनी नुसती मूठ वर करून थांबायचं, एकमेकांकडे बघायचं. ज्याचा एरिया, तो निर्णय देणार. माझ्यासमोर एक खेळाडू दुसऱ्यावर आदळला. मी शिट्टी मारली, ह्यानंही लांबून मारली. आणि मी थांबलेच नाही. हायस्कूलला बास्केटखाली मी एकटीच ना, सवय... मी दाखवलं अडवणाऱ्याचा फाउल. ह्यानं दाखवला धडकणाऱ्याचा. एका धडकेचे दोन फाउल लागले, दोन्ही खेळाडूंच्या नावावर. सगळे हसले. आणि परीक्षकांनी चूक माझी धरली."

"एरिया कोणाचा होता?" मी विचारलं.

"तिचा," प्रफुल्ल म्हणाला. "मी शिट्टी मारायलाच नको होती. मी माझा एरिया सोडून हिच्याकडे बघत होतो. आणि परीक्षक बोलत होते तेव्हा गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं त्यांना. ते म्हणाले, आता निवड झाली."

"तू सांगितलंस?" प्रणिता गर्रकन वळली. "मग मला का नाही सांगितलंस? मी उन्हाळ्यापासून वाट बघतेय, हा माणूस कधीतरी म्हणेल की एरिया माझा होता!"

"कोणत्या तोंडानं सांगू? मी आत, तू बाहेर..."

"बाहेर असेन! पुढच्या वर्षी आत येईन. तू असलास तरी, नसलास तरी." तिनं मान खाली घातली नाही. "नोकरीसाठी चँडलरला जायचं तर खुशाल जा. माझ्यासाठी सोडलीस, असं मला नकोय. पण माझ्यापासून पळून जाणार असशील तर... जाऊ नको."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "पळूनच चाललो होतो. नाही जात."

"प्रफुल्ल, मी—"

"प्रणिता, मी—"

दोघं एकदम बोलले, दोघं एकदम थांबले.

"तू बोल."

"नाही, तू."

मी टेबलावर वाटी आपटली. "झाल्या दोन शिट्ट्या! आता काय मूठ वर करून संध्याकाळपर्यंत उभे राहता का? टेबल इथं आहे. ज्यानं फाउल केला त्यानंच सांगायचं. चल, ऊठ."

तो खरंच उठला. खरकटा हात धुऊन आला, माझ्यासमोर सरळ उभा राहिला, मूठ वर केली. "निळा," निळं स्वेटर होतं त्याचं. "नंबर एक." आणि उजव्या हातानं स्वतःचं डावं मनगट धरलं.

"ते काय?"

"होल्डिंग," प्रणिता हळूच म्हणाली. "धरून ठेवलं की हा फाउल."

"काय धरून ठेवलंस रे?"

"सांगायची गोष्ट, काकू. पहिल्या फाउलपासून." त्यानं मनगट सोडलं नाही. "पहिल्यांदा बाजूनं जाताना मी हिला म्हटलं होतं, 'लेस सुटली तुमची'... सुटली नव्हती. हिनं माझ्याकडे बघावं म्हणून बोललो. मला प्रणिता तेव्हापासून आवडते."

"माहीत होतं," प्रणिता म्हणाली. कानापर्यंत लाल. "मीच बांधली होती ती, पक्की गाठ मारून. तरी वाकले ना खाली?"

आणि पुढे होऊन तिनं त्याचं ते धरलेलं मनगट सोडवलं, हात आपल्या हातात घेतला. मी आपली रश्श्याकडे बघत राहिले. तो माझा एरिया. पण पोट्टं अजून माझ्याकडेच बघत उभं! मग मात्र मला राहवलं नाही.

"प्रफुल्ल," मी म्हटलं, "फाउल मान्य. पण भिंतीला 'बस' म्हणणारा जावई मला चालायचा नाही. तिच्याकडे बघ, आणि मग सांग, भात वाढू की नको."